नौपाड्यातील हृदयरोग दवाखाना: गोळ्यांच्या त्रासाची दखल घेणारे डॉक्टर

हृदयविकाराच्या झटक्यानंतर वडिलांना रोज ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे ‘स्टॅटिन’ गटातील औषध सुरू झाले आणि लवकरच त्यांच्या मांड्या व पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की ठाणे स्थानकाचा पूल चढताना कठडा धरावा लागे. आधीच्या ठिकाणी ‘वयाचे दुखणे’ म्हणून बोळवण झाली होती. या छोट्या दवाखान्यात मात्र दुखणे दोन्ही पायांत सारखे आहे का, लघवी गडद होते का, आणखी कोणती औषधे चालू आहेत, हे सारे विचारून मगच सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास रक्तात वाढणारे एन्झाइम), थायरॉईड आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तपासण्या लिहून देण्यात आल्या.

सीपीके किंचितच वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळी थोडे दिवस थांबवली, दुखणे ओसरल्यावर रोसुव्हास्टॅटिन हे दुसरे स्टॅटिन कमी मात्रेत सुरू केले आणि जोडीला १० मिलिग्रॅम इझेटिमाइब दिले. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, तर इझेटिमाइब आतड्यातून होणारे त्याचे शोषण कमी करते, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. परस्पर गोळी बंद करायची नाही, अशी तंबीही दिली, जी आमच्या वडिलांना आवश्यकच होती. आता एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली असून पायदुखी जवळजवळ गेली आहे.

गैरसोयी आहेतच. वेळ ठरवूनही बराच वेळ ताटकळावे लागते, आणि हृदयरुग्णांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, याचे नवल वाटते. गोखले रोड परिसरात गाडी लावायला जागा मिळणे कठीण, तेव्हा रिक्षानेच जावे.