पाच बुधवार, आणि त्यानंतर: निर्वासित कुटुंबांसाठीच्या एका आधारगटाचा अनुभव

मी पेशाने शिक्षिका. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, आणि या कामाला ती लागतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक आधारासाठी तयार केलेल्या 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' या पद्धतीचा एक गट एका संस्थेने निर्वासित कुटुंबांसाठी चालवला, त्यात मी सहायक होते. गट घेणारी बाई स्वतः निर्वासित, येणाऱ्यांच्याच भाषेची. आमचं आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं, मग दर बुधवारी दोन तास, अशा पाच बैठका. आठ बायका यायच्या. ओळखीतल्या कुणाला अशा गटात पाठवायचं असेल, तर आधी हे वाचा. पद्धत मला मनापासून पटली. ती राबवताना जे झालं, ते पटलं नाही.

पहिल्या दिवशी आजाराचं नावसुद्धा निघत नाही. एवढंच विचारतात, "सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" उत्तर जिचं तिच्या शब्दांत लिहून घ्यायचं आणि त्रास किती, ते 0 ते 5 मध्ये तिनेच सांगायचं. एक म्हणाली, "रात्री जिन्यात पाऊल वाजलं की." एवढंच. दुसरी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मुलांवर हात उठतो माझा." पुढच्या प्रत्येक बुधवारी तेच वाक्य, एक शब्द न बदलता, तिला वाचून दाखवायचं आणि पुन्हा आकडा विचारायचा. आपलं बोलणं कुणी जसंच्या तसं जपून ठेवलंय, हे कळल्यावर माणूस खुर्चीत जरा टेकून बसतो. हे मी आठही जणींच्या बाबतीत पाहिलं.

श्वासाचा व्यायाम सोपा आहे, त्यावर फार लिहीत नाही. एकीला डोळे मिटायची भीती वाटायची, तिने उघड्या डोळ्यांनी केला. चालतं.

खरा कस लागतो तो अडचणींची वाटणी करताना. सुटण्यासारख्या, न सुटणाऱ्या आणि फारशा महत्त्वाच्या नसलेल्या, अशा तीन रांगा. एकीचा नवरा निघतानाच्या गर्दीत चुकला, तो अजून बेपत्ता आहे. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं वगळून.) तिने ते न सुटणाऱ्या रांगेत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. माझी चुळबुळ सुरू झाली, काहीतरी धीराचं बोलावं असं वाटलं. गट घेणाऱ्या बाईने मला नजरेनेच थांबवलं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "यातला एखादा तुकडा आपल्या हातात आहे का?" मग रेड क्रॉसच्या शोधसेवेचा विषय निघाला. युद्धात, स्थलांतरात ताटातूट झालेल्यांचा ते शोध घेतात, हे तिला माहीत होतं. अर्ज भरला तर वाईट बातमी येईल, या भीतीने तिने तो भरलेला नव्हता. पुढच्या बुधवारी ती अर्धा भरलेला अर्ज घेऊन आली, उरलेला आम्ही तिघींनी मिळून भरला. नवऱ्याचा पत्ता अजून लागलेला नाही. तिचा आकडा मात्र त्या दिवशी पाचावरून चारावर आला.

आता तक्रारी.

उपक्रमाच्या नावात 'कुटुंबांसाठी' असं आहे, पण बैठकीची वेळ कामाच्या तासांतली, म्हणून पुरुष एकही नाही. मुलांना शेजारच्या खोलीत कागद आणि रंग देऊन बसवलेलं. 10 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा 'ईझ' नावाचा वेगळा कार्यक्रम आहे, त्यात पालकांच्याही तीन बैठका असतात. तो आमच्याकडे नव्हता.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. जगणं नकोसं झालंय का, हे या पद्धतीत थेट विचारावं लागतं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. पहिल्यांदा विचारताना माझा आवाज कापला होता, पण समोरच्या बाईला सुटल्यासारखं झालं. तिला तज्ज्ञाकडे पाठवायचं ठरलं, इथवर सगळं नियमाप्रमाणे. जिथे पाठवलं तिथे दुभाषा नव्हता. तिच्या अकरा वर्षांच्या मुलाला मधे बसवून बोलायला लावलं. आई पोराच्या तोंडून काय सांगणार? "बरं आहे" म्हणाली आणि परत आली. आम्ही भांडून दुसरी वेळ घेतली आणि दुभाषी बाई मिळवली. त्यात तीन आठवडे गेले आणि ते तीन आठवडे तिच्या शेजारणींनी आळीपाळीने तिच्याकडे मुक्काम केला. कुटुंबाला कुठेही पाठवण्याआधी हा एक प्रश्न नक्की विचारा: पुढे तज्ज्ञाकडे जावं लागलं तर दुभाषा कोण असेल?

आणि वकिलाचा फोन नंबर आहे का, तेही विचारा. एकीच्या हातात घर रिकामं करायची नोटीस होती आणि आम्ही तिच्यासोबत आठवडाभराच्या छोट्या छोट्या कामांचा तक्ता आखत होतो. मला त्या दिवशी फार अपराधी वाटलं. संकटकाळातल्या मानसिक आधारासाठी आंतरराष्ट्रीय संस्थांनी 2007 मध्ये आखून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आधाराचा पिरॅमिड आहे. त्याच्या तळाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा येतात, समाजाचा आणि कुटुंबाचा आधार त्याच्या वरच्या थरात. ते चित्र प्रशिक्षणात आम्हाला दाखवलं होतं.

शेवटची गोष्ट मुदतीची. पाच बैठका झाल्या की गट संपतो. जॉर्डनमधल्या अझ्राक छावणीत सीरियन निर्वासितांसोबत याच पद्धतीचा अभ्यास झाला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन महिन्यांनी नैराश्य कमी झालेलं दिसलं, पण वर्षभराने तो फरक उरला नव्हता. मला याचं नवल वाटत नाही. श्वास घ्यायला शिकवून आपण निघून येतो, आणि आश्रयाच्या अर्जावरच्या निर्णयाच्या पत्राची वाट पाहणं तसंच सुरू राहतं.

सहाव्या बुधवारी मी उरलेले कागद आणायला गेले, तर खोलीला कुलूप आणि पाच जणी बाहेर जिन्यात बसलेल्या. संस्थेकडे महिन्यातून दोनदा खोली मागितली, नकार आला. आता त्या पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जमतात. अर्ज भरलेली ती बाई आकडे विचारते आणि वहीत लिहून ठेवते.