दिवेआगरची खोली, बाळाचा पाळणा आणि गेलेले १५,२०० रुपये

पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर, दोन रात्री, सोबत नऊ महिन्यांचं बाळ. बाळ घेऊन जाणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: तळमजल्याची खोली आहे का, पाळणा मिळेल का, खिमटासाठी किटली, वीज गेली तर जनरेटर? नकाशावर रिसॉर्टच्या नावाखाली दिसणाऱ्या नंबरवर विचारलं. सगळ्याला "हो, मिळेल." पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल.

निम्मे आगाऊ म्हणून ४,५००. मग पाळणा आणि किटलीचे १,२००. मग "सिस्टिम अर्धं बुकिंग घेत नाही, उरलेले टाका" म्हणून आणखी ४,५००. शेवटी "लहान मूल आहे, गादीचं डिपॉझिट, निघताना परत" म्हणून ५,०००. बाळ गादी ओली करतंच, त्यामुळे तेही पटलं. आईबाप कुठे नाही म्हणू शकत नाहीत हे त्या माणसाला नेमकं माहीत होतं, आणि संताप त्याचाच आहे.

कळायला हवं होतं ते पहिल्या रुपयाआधीच. शनिवारी भरती किती वाजता, असं विचारलं होतं, कारण बाळाला ओल्या सपाट वाळूवर बसवायचं तर ओहोटी गाठावी लागते. उत्तर आलं, "भरतीचं काही नाही सर, समुद्र चोवीस तास चालू." अहो, कोकण किनाऱ्यावरचं शाळकरी पोरही तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास सांगतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रिसॉर्ट चालवणाऱ्याला भरती माहीत नाही? फोन तिथेच ठेवायला हवा होता. तो ठेवला नाही, याची लाज वाटते.

दुसरी खूण पिन टाकण्याआधी पडद्यावर आली: पैसे घेणाऱ्याचं नाव. रिसॉर्टचं नाही, बोलणाऱ्याचंही नाही. "मालकांच्या भाच्याचं खातं आहे." आता लोक म्हणतील, तरीही पिन टाकलात? टाकला, कारण कोकणातले घरगुती निवासवाले खरोखरच स्वतःच्या खात्यावर आगाऊ घेतात आणि त्यात काही वावगं नसतं. पण मग नाव फोनवर बोलणाऱ्याचं तरी हवं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७. हे पहिले दोन आकडे बघायला दोन सेकंद लागतात. पूर्ण पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे तेही दिसतं.

"डिपॉझिट परत घ्या, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका," असं आलं तेव्हा डोळे उघडले. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. मग पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोत रिसॉर्टचा रंगवलेला बोर्ड मोठा करून पाहिला. त्यावरचा नंबर वेगळा होता! नकाशावरचा नंबर "बदल सुचवा" करून कोणीही बदलायचा प्रयत्न करू शकतो. बोर्डावरचा नंबरच लावा, आणि व्हिडिओ कॉलवर खोली आणि तो पाळणा समोर दाखवायला सांगा.

चौकीत पहिला प्रश्न, "पंधराच हजार ना?" नंतर, "सायबरला जा." तिथे, "रिसॉर्ट रायगडात आहे, आमची हद्द नाही." पैसे पुण्यातल्या खात्यातून गेले, पुण्यातल्या फोनवरून गेले, मग हद्द कोणाची? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे म्हटल्यावर साहेब जेवायला गेले. कडेवर बाळ, पावणेदोन तास बाक. बँकेने एका ओळीत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाचं, हे विचारायलाही कोणी तयार नाही.

म्हणून चौकीच्या आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, त्याच तासात. पैसे समोरच्या खात्यातून काढले जाण्याआधी कळवलं तरच ते गोठवता येतात. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. चार वेळा भरले असतील तर चारही. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या.

तो नंबर आज सकाळीही नकाशावर होता.