फोन की कार्ड? कोणाला काय दिसतं ते आधी बघा

पैसे फोनने द्यावेत की कार्डाने, यात सोयीचा निकाल केव्हाच लागलाय. वडापावच्या गाडीवर कोणी कार्ड काढत नाही. 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क नाही, म्हणून क्यूआर टपरीटपरीवर पोचला. ठरवायचं ते दोन गोष्टींवर: आपली माहिती कोणाकडे जाते, आणि पैसे भलतीकडे गेले तर काय.

फोनने पैसे दिले की समोरच्याला तुमचं नाव आणि यूपीआय आयडी दिसू शकतो. काही अ‍ॅप हा आयडी मोबाईल नंबरवरूनच बनवून देतात. म्हणजे पाव किलो मिरच्या घेतल्या आणि भाजीवाल्याकडे नंबरही गेला! सेटिंगमध्ये जाऊन नंबर नसलेला आयडी बनवून घ्या. बायकांनी तर नक्कीच. वर तो साउंडबॉक्स, किती रुपये आले ते अख्ख्या रांगेला ऐकवणारा.

कार्डाच्या पावतीवर बहुतेकदा शेवटचे चार आकडे असतात, फार तर नाव. ऑनलाइन खरेदीत 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानांना कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबरच्या जागी वापरायचा पर्यायी कोड, ठेवावं लागतं. म्हणजे उद्या साइट फुटली तरी कार्डाचा नंबर चोराच्या हाती लागत नाही. अर्थात कुठे, कधी, किती, हे बँकेला आणि कार्ड नेटवर्कला कळतंच. यूपीआयमध्ये त्यात अ‍ॅपवाल्याची भर पडते, आणि देशातले बहुतांश यूपीआय व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच अ‍ॅपमधून होतात. एवढा हिशेब दोघांकडे साठावा, हे मला तरी खटकतं.

अमेरिकेतला भाचा अ‍ॅपल पेचं कौतुक सांगेल. त्याचं खरं आहे: तिथे फोन मशीनला टेकवला की कार्डाचा खरा नंबर दुकानाला मिळतच नाही. आपल्या क्यूआरचं गणित निराळं.

आता पैशाचं. यूपीआयचा पिन टाकला की रक्कम काही सेकंदांत गेली. फसलात तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा आणि आशा धरायची. पिन तुम्हीच टाकलेला असला तर भरपाई मिळणं कठीण. क्रेडिट कार्डावर वस्तू आलीच नाही, तर बँकेकडे वाद नोंदवून चार्जबॅक, म्हणजे पैसे परत, मागता येतो. फ्रिज, विमानाचं तिकीट, अनोळखी साइट यांसाठी म्हणूनच कार्ड. मात्र कार्ड हरवलं तर 5000 रुपयांपर्यंत कोणीही पिनशिवाय टॅप करू शकतो. बँकेच्या अ‍ॅपमधून ती सोय बंद करा, नाहीतर मर्यादा खाली आणा.

चहा-भाजीला यूपीआय लाइट (अ‍ॅपमध्येच आधी थोडे पैसे भरून ठेवायची सोय) उत्तम: एका वेळी 1000 पर्यंत, शिल्लक 5000 पर्यंत, आणि पासबुकात प्रत्येक कटिंगची नोंद न होता फक्त भरलेली रक्कम दिसते. बाकी यूपीआयसाठी वेगळं, थोडे पैसे असलेलं खातं जोडा. पेन्शन किंवा पगाराचं खातं मुळीच नको.

पुढे ही भांडणंच पुसट होतील. रुपे क्रेडिट कार्ड आजच यूपीआयला जोडून क्यूआरवर चालवता येतं. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया, म्हणजे डिजिटल चलन, डिसेंबर 2022 पासून सर्वसामान्यांसाठी प्रयोगात आहे; रोखीसारखी गोपनीयता त्यात खरोखर मिळाली, तर फोनची बाजू मी पुन्हा तपासेन. तोवर ज्या खरेदीची नोंद कुठेच नको, तिला नोटा.