पीएफएनए-२ नेल: ठिसूळ खुब्यासाठी भरवशाचा, पण हाड आधी जुळायला हवं

वयस्कर माणूस घरात पडला आणि खुब्याचं हाड ट्रोकँटरपाशी (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उंचवटा) मोडलं, तर आमची पहिली पसंती पीएफएनए-२ला, म्हणजे हाडाच्या पोकळीत घालायच्या धातूच्या सळईला (नेल). फ्रॅक्चर मांडीच्या हाडाच्या मानेत असेल आणि सरकलेलं असेल, तर मात्र हा नेल नको. तिथे सिमेंट लावून बायपोलर (खुब्याचा कृत्रिम गोळा) बसवणं बरं.

याआधीच्या पीएफएन नेलचे दोन स्क्रू ठिसूळ हाडात दगा द्यायचे: एक सांध्यात घुसायचा, दुसरा बाहेर सरकायचा. इथे पिळाचं एकच ब्लेड आहे. ड्रिलने फक्त बाहेरची भिंत उघडतात आणि ब्लेड ठोकून आत नेतात. हाड कोरलं जात नाही, उलट भोवती दाबून घट्ट होतं, म्हणून मांडीच्या हाडाचं डोकं (सांध्यातला गोळा) फिरत नाही. मूळ पीएफएनएचा बाक ६ अंशांचा होता. आपल्याकडच्या लहान चणीच्या हाडात त्याचा वरचा भाग बाहेरच्या भिंतीवर रेटला जायचा. पीएफएनए-२ मध्ये बाक ५ अंश केला आणि बाहेरची बाजू सपाट ठेवली. ही सुधारणा खरोखर उपयोगी आहे.

फसतं ते बहुधा नेलमुळे नाही, तर हाड न जुळवताच नेल घातल्यामुळे. ट्रॅक्शन टेबलवर (पाय ताणून धरणारं टेबल) सी-आर्मच्या (शस्त्रक्रियेत वापरायचं एक्स-रे यंत्र) समोरच्या आणि बाजूच्या दोन्ही चित्रांत हाड जुळल्याशिवाय चीर देऊच नये. नेलचा प्रवेश ट्रोकँटरच्या टोकावरून हवा. तो बाहेर सरकला की नेल आत जाताना हाड व्हॅरसमध्ये (आतल्या बाजूला) झुकतं आणि पुढे ब्लेड डोकं फाडून वर निघतं. टिप-एपेक्स अंतर (स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचं, दोन्ही चित्रांतलं मिळून) २५ मिमीच्या आत हा नियम मुळात स्क्रूसाठीचा. ब्लेडचं टोक सांध्याच्या फार जवळ नेलं तर ते आरपार जातं, म्हणून ५ ते १० मिमी हाड शिल्लक ठेवावं. खालचा लॉकिंग बोल्ट (नेल हाडाला पक्का करणारा आडवा स्क्रू) घालण्याआधी ट्रॅक्शन सैल करायलाच हवं, नाहीतर तुकड्यांमधली फट तशीच राहते.

नातेवाइकांनी नेलच्या मापाचं आणि लॉट नंबरचं स्टिकर फाइलमध्ये लावलंय ना ते बघावं. तब्येत साथ देत असेल तर शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत व्हावी. अंथरुणात पडून राहिलं की न्यूमोनिया आणि बेडसोअर गाठतात. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करावं, झेपेल तितका भार पायावर टाकू द्यावा. आणि डिस्चार्ज कार्डावर ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याचं) औषध नसेल तर ते डॉक्टरांकडे आवर्जून मागावं. झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिग्रॅ वर्षातून एकदा देतात, पण त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासलेलं हवं.