चेन ब्रेकर घेताना मी कसा फसलो

सायकली आणि शेतीची अवजारं दुरुस्त करायचं माझं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. तरीही फसलो, म्हणून हे लिहितोय.

चेन ब्रेकर म्हणजे हँडल आवळून आपल्या पिनेने चेनची पिन दाबून बाहेर काढणारं हत्यार. डिसेंबरात तालुक्याला कृषी प्रदर्शन होतं. एका स्टॉलवाल्याने मळणी यंत्राच्या चेनचा तुकडा ब्रेकरमध्ये धरला, हँडलला दोन वेढे दिले आणि पिन बाहेर. "सायकलपासून मळणी यंत्रापर्यंत एकच हत्यार, साहेब." ६५० रुपये दिले. बिल मागितलं, तर कोऱ्या कागदावर पेनाने आकडा लिहून हातात ठेवला.

फेब्रुवारीत एका शेतकरीदादाचं मळणी यंत्र ऐन हरभऱ्यात खळ्यावर बंद पडलं. चेन पाच सुताची, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर पिचची (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर). ब्रेकर लावून आवळला, तर चेनची पिन जागची हलली नाही, ब्रेकरचीच वाकली. आणखी आवळली तेव्हा तिचं टोक तुटून गालाजवळून सणकन गेलं. डोळ्यावर चष्मा नव्हता.

उरलेल्या पिनेवर कानस फिरवली. पाणी देऊन कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरते. इथे सरळ चावली, चकचकीत चर पडला. ब्रेकरच्या ज्या ओठावर चेनची पट्टी टेकते, तोही टवका उडून गेला होता. आत करडं, दाणेदार ओतकाम. शेवटी ग्राइंडर आणि पंच घेऊन काम उरकलं, त्यात दोन तास गेले. पाच मजूर बसून होते आणि त्यांची मजुरी दादांनी भरली. मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

स्टॉलवरची लबाडी नंतर उमगली. नव्या चेनच्या पिनेचं टोक कारखान्यातच ठोकून पसरवलेलं असतं, त्यामुळे ती पहिल्यांदा काढताना खरा जोर लागतो. एकदा काढून परत बसवलेली पिन सहज निघते. त्या तुकड्याच्या पिनेला रिव्हेटचं फुगीर डोकं नव्हतंच. मी ते पाहिलं होतं, पण विचार केला नाही.

"एकच हत्यार" हेही खोटं. सायकलच्या चेनची पिन साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, या चेनची पाचच्या वर. ब्रेकरची सायकलला चालणारी बारीक पिन मोठ्या चेनवर वाकते आणि जाड पिन सायकलच्या भोकात शिरत नाही. म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या, बदलता येणाऱ्या पिना आणि त्यांचे सुटे भाग मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारा. हत्यार चांगलं असलं तरी जाड चेनच्या रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने घासून मगच दाबा, चष्मा लावून. निघालेली पिन परत ठोकू नका, नवं चेन लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी, घाला.

पाच सुताच्या न उघडलेल्या चेनचा चार कड्यांचा तुकडा मी दुकानात खिळ्याला अडकवून ठेवलाय. ब्रेकर घ्यायला निघालात तर खिशात घालून न्या, पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला तोच तोडायला सांगा, आणि येताना परत आणून द्या.