पौर्णिमेच्या पहाटे बेलापूरच्या खाडीत होडी येत नाही

३ जानेवारी २०२६ रोजी, पौष पौर्णिमेच्या शनिवारी, पहाटे पावणेसहा वाजता आम्ही पाच जण पाठीला पिशव्या लावून बेलापूरच्या जेट्टीवर उभे होतो. ज्या शिडाच्या होडीसाठी आम्ही तोपर्यंत ९७,५०० रुपये भरले होते, ती सहा वाजता तेथे लागणार होती. होडी आली नाही. अशी होडी मुळात नव्हतीच, हे आमच्या लक्षात येईपर्यंत दोन तास गेले आणि त्या दोन तासांत आम्ही आणखी ९,००० रुपये गमावले. हाच प्रकार वेगळ्या नावाने अजूनही चालू असल्याचे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून सर्व तपशील येथे लिहीत आहे.

आमच्यापैकी कोणीही त्याआधी शिडाच्या होडीत पाय ठेवलेला नव्हता. मी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी मुलगी, कार्यालयातील एक सहकारी व त्यांच्या पत्नी, आणि आमच्याच मजल्यावर राहणारे, नुकतेच निवृत्त झालेले एक काका, असा आमचा चमू होता. नोव्हेंबरच्या अखेरीस सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक जाहिरात आली. पाच नवख्यांनी एका कप्तानासोबत तीन दिवस होडी स्वतः हाकायची, बेलापूरहून निघून घारापुरीला वळसा घालून मांडव्याला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी खांदेरी-उंदेरीपर्यंत जायचे आणि तिसऱ्या दिवशी परत फिरायचे, असा तो बेत होता. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्यांत खांदेरीही आहे, याचा जाहिरातीत ठळक उल्लेख होता. आरमाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला शीड उभारून खांदेरीकडे जाण्याची कल्पना किती ओढ लावते, हे जाहिरात देणारा पुरते ओळखून होता. जाहिरात गटावर टाकणाऱ्या शेजाऱ्यांनाही ती दुसऱ्या कोणाकडून आली होती आणि त्यांनी स्वतः काहीच तपासलेले नव्हते. ओळखीच्या माणसाकडून आली एवढ्यावरच आम्ही ती खरी धरली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जाहिरात देणाऱ्या माणसाने आम्हाला नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई तलावाकाठी बोलावले. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणे शांत, पैशांचा विषय स्वतःहून न काढणारा. त्याने पिशवीतून निळ्या नायलॉनच्या दोरीचे एक वेटोळे काढले आणि बाकड्याच्या हाताला बांधून आम्हाला न सरकणाऱ्या फाशाची बोलाइन गाठ शिकवली. प्रत्येकाकडून ती तीन-तीन वेळा बांधून घेतली. त्या दोरीच्या टोकाला हार्डवेअरच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. मी ती पाहिली होती, मुलीनेही पाहिली होती. दहा वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाची दोरी इतकी कोरी कशी, हा प्रश्न मात्र दोघींपैकी एकीच्याही मनात आला नाही.

त्याने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या, हे येथे मुद्दाम नमूद करते, कारण आमचा विश्वास बसला तो त्यांमुळेच. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. सकाळी मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, ही पद्धत कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. हे सगळे त्याने वहीत चित्रे काढून इतके छान समजावले की, घरी आल्यावर मुलीने ते आजोबांना जसेच्या तसे सांगितले. वारा त्याने खरा सांगितला, म्हणून त्याने दिलेली वेळही आम्ही खरी मानली.

पैसे टप्प्याटप्प्याने गेले. नोंदणीचे माणशी ४,००० रुपये त्याच आठवड्यात दिले आणि उरलेले माणशी १०,५०० रुपये २० डिसेंबरपर्यंत. निघण्याच्या आदल्या रात्री, म्हणजे २ जानेवारीला साडेनऊ वाजता, त्याने फोन करून होडीच्या विम्यासाठी परत मिळणारी अनामत म्हणून माणशी ५,००० रुपये मागितले. त्या वेळी पिशव्या भरून झाल्या होत्या, रजा मंजूर झाल्या होत्या आणि काकांनी नवे बूटही घेतले होते. अशा वेळी नकार देणे किती जड जाते, हे त्या फोनची वेळ ठरवणाऱ्याला बरोबर ठाऊक होते. तिन्ही वेळा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर वेगवेगळी नावे आली, त्यांतील एक तर किराणा दुकानाचे होते. विचारल्यावर ते आपल्या भागीदाराचे खाते असल्याचे त्याने सांगितले. होडीचे पैसे किराणा दुकानाच्या खात्यात जात असतील, तर त्याच क्षणी थांबायला हवे होते. मी स्वतः लेखा विभागात काम करते. कार्यालयात असे देयक आले असते, तर मी ते परत पाठवले असते.

त्याने दिलेली कागदपत्रे मी नंतर पुन्हा वाचली, तेव्हा ती जागोजागी उघडी पडली. होडीची नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र सहकाऱ्यांनी मागितले होते. त्यावर, होडी निव्वळ शिडाची असल्याने तिला इंजिन नाही आणि म्हणून कोणताही परवाना लागत नाही, असे उत्तर मिळाले. आमच्या पावतीत मात्र डिझेलचे ३,५०० रुपये लावलेले होते. सोबत आणायच्या कपड्यांच्या यादीत लोकरीचे हातमोजे, थर्मल आणि कानटोपी होती. जानेवारीतही मुंबईच्या समुद्राचे पाणी चोवीस अंशांच्या आसपास असते. ती यादी कुठल्या तरी थंड देशातील सफरीसाठी केलेली होती आणि तशीच उचललेली होती. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘कॉम्पिटंट क्रू’ प्रमाणपत्र तीन दिवसांत मिळेल, असेही त्याने लिहून दिले होते. त्या अभ्यासक्रमाला पाच दिवस लागतात आणि तो त्या संस्थेने मान्यता दिलेल्या केंद्रातच करता येतो, हे आम्हाला दहा मिनिटांत शोधता आले असते. लाइफ जॅकेटबद्दल मुलीने विचारले, तेव्हा हिवाळ्यात समुद्र शांत असतो, असे सांगून त्याने विषय बदलला. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोटीला झालेला अपघात आम्हा सर्वांच्या स्मरणात होता, तरीही आम्ही ते उत्तर चालवून घेतले. या एका गोष्टीबद्दल मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते, कारण त्याने खरोखरच एखादी मोडकी होडी आणून उभी केली असती, तर मी माझ्या मुलीला तिच्यात बसवले असते.

आता त्या पहाटेविषयी. पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला कलला होता आणि त्याच्या उजेडात जेट्टीच्या पायऱ्यांखाली लांबवर ओला काळा चिखल चमकत होता. पाण्याची एक अरुंद पट्टी दूर मध्यभागी दिसत होती आणि कडेला बांधलेल्या दोन होड्या चिखलात कुशीवर कलंडलेल्या होत्या. थोडे फटफटल्यावर त्या चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात वावरणारे छोटे मासे, उड्या मारताना दिसू लागल्या. आम्ही तेथे उभे राहून त्यांचे फोटो काढले. ज्या जागी सहा वाजता आमची होडी लागणार होती, तेथे निवट्या पायांवर चालत असल्यासारख्या सरकत होत्या, आणि आम्हा पाच सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

सहा चाळीसला त्याचा फोन आला. होडी मांडव्याहून निघाली आहे, पण वाटेत अडवली गेली आहे, ९,००० रुपये दंड लगेच भरला नाही तर जप्त होईल, परतल्यावर हिशेब करू, असे त्याने घाईघाईने सांगितले. मागे इंजिनाचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. मी समोरच्या चिखलाकडे पाहत पाहत ते पैसे पाठवले.

साडेसात वाजता दिवाळे कोळीवाड्याकडून एक वृद्ध तांडेल (होडीचे नाखवा) जाळ्याचे ओझे घेऊन आले. कोणाची वाट पाहताय, असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, तेव्हा ते क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “बाय, आता सुकती हाय. आज पुनव ना? पानी दुपारशी येल. सकालचे कोन होरी आनील इथं?” सुकती म्हणजे ओहोटी.

त्यांनी मला जो हिशेब सांगितला तो कोकणच्या किनाऱ्यावर सर्वांना पाठ असतो, आणि वीस वर्षे खाडीकाठी राहूनही मला तो माहीत नव्हता. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की, भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी व नंतर. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे पाणी जितके वर चढते तितकेच खालीही उतरते. पौर्णिमेच्या पहाटे पाच-सहा वाजता खाडी सर्वांत रिकामी असते, आणि पाण्याखाली खोलवर जाणारा कणा असलेली शिडाची होडी तर अशा वेळी जेट्टीच्या जवळपासही येऊ शकत नाही. चांदण्यातील प्रस्थान म्हणून जी वेळ त्याने आम्हाला विकली, ती त्या महिन्यातील सर्वांत अशक्य वेळांपैकी एक होती. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली आहे आणि तिच्यात प्रत्येक दिवसाची तिथी छापलेली आहे. डिसेंबरभर मी तिच्यावर दुधाचे खाडे मांडत होते.

सव्वाआठला त्याचा फोन बंद झाला. नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेथे प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात. ही माहिती हाताशी असेल, तर तक्रार लवकर पुढे जाते आणि पैसे ज्या खात्यात असतील तेथे गोठवता येतात. सकाळचे ९,००० आणि आदल्या रात्रीच्या २५,००० पैकी १२,३०० असे एकूण २१,३०० रुपये पुढच्या खात्यांत अडवले गेले. ते अजून हाती आलेले नाहीत, पण निदान चोराच्या हातीही गेले नाहीत. डिसेंबरमध्ये दिलेली रक्कम केव्हाच काढली गेली होती. दुपारी पोलीस ठाण्यात जाऊन भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली. जाहिरात, पावत्या, संभाषणे काहीच पुसलेले नव्हते, त्याचा उपयोग झाला. काका तक्रार द्यायला तयार नव्हते. या वयात फसलो हे मुलाला कळू नये, एवढेच ते सारखे म्हणत होते, आणि त्यांना राजी करायला आम्हाला चार दिवस लागले.

समुद्रावर जायची इच्छा असलेल्यांना मी अजिबात अडवणार नाही. शिडाची होडी चालवायला शिकवणारी प्रामाणिक माणसे मुंबईच्या बंदरात आहेत आणि हिवाळा हाच त्यासाठी योग्य काळ आहे. पण पैसे देण्याआधी होडी डोळ्यांनी पाहा आणि तिच्यावर पाय ठेवा. छोट्या बंदरांवरून प्रवासी नेणाऱ्या बोटींना महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा परवाना लागतो, तो मागा, तसेच होडी चालवणाऱ्याचा दाखला आणि माणशी एक लाइफ जॅकेट मागा. प्रस्थानाची वेळ तिथीशी ताडून पाहा, आणि ज्या जेट्टीवरून निघायचे असेल, तेथील कोळीवाड्यात जाऊन विचारा. मला हे सगळे एका म्हाताऱ्या माणसाने उभ्या-उभ्या, काहीही न घेता सांगितले. एक महिना आधी विचारले असते, तरी त्यांनी सांगितलेच असते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मुलीला तेच छायाचित्र असलेली जाहिरात पुन्हा दिसली. कप्तानाचे नाव निराळे होते, फोन निराळा होता, जागा तीच आणि मुहूर्त माघ पौर्णिमेचा. आम्ही ती पोलिसांकडे पोहोचवली. तरीही मला राहवेना, म्हणून १ फेब्रुवारीच्या रविवारी पहाटे मी जेट्टीवर गेले. तीन तरुण मुले पिशव्या घेऊन पायऱ्यांवर बसलेली होती आणि त्यांच्यापैकी एकाच्या हातात लोकरीचे हातमोजे होते. मी त्यांच्याजवळ बसून माझी तक्रार दाखवली. त्यांचा विश्वास बसत नव्हता. मग मी त्यांना सांगितले की, थोड्याच वेळात फोन येईल आणि होडी अडवल्याचे सांगून दंड मागितला जाईल. सहा पस्तीसला फोन वाजला. मुलाने तो स्पीकरवर लावला, अर्धे वाक्य ऐकले आणि काही न बोलता बंद केला. मग आम्ही चौघांनी तेथेच पायऱ्यांवर बसून त्यांचे व्यवहार क्रमांक एका कागदावर उतरवले आणि १९३० ला फोन लावला.