कट झकास, नंबराचं मात्र बघून घ्या

पाचपैकी साडेतीन. दुकान कोल्हापुरातलं, आमच्या पेठेतलं. नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे.

मिसळ फर्मास. मटकी शिजलेली पण लगदा नाही, कटाला भाजलेल्या खोबऱ्याचा वास, ब्रेड जाड कापलेला. पोरगा कटाची किटली घेऊन फिरतच असतो, नको म्हणेपर्यंत ओततो. चहा सोडा, साखरपाणी आहे.

रविवारी गर्दी मरणाची. म्हणून मालकानं नंबर सुरू केलेत. गल्ल्यावर पाटी: ‘नंबर सगळ्यांना. ओळख सांगू नये.’ मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, त्यामुळं ही पाटी मला मिसळीआधीच आवडली. गेल्या महिन्यात एक पुढारी पांढऱ्या गाडीतून चार पोरं घेऊन उतरला. मालक म्हणाला, “दादा, सत्तेचाळीस. बसा कट्ट्यावर.” बसला की गप!

आमच्या गाडीत आमदार-खासदारांची सीट राखीव असायची. लोक चिडायचे, मला ती कधी खटकली नाही. उघड लिहिलेली होती, पदाला होती. पद गेलं की माणूस दांडी धरून उभा. आमदार नसला की तिथं बाजारची म्हातारी पाटी घेऊन बसायची. खटकायचा तो, जो नुसत्या नजरेनं सीट रिकामी करून घ्यायचा. मिसळीला कसलं आलंय पद?

आणि हे गाव कुठलं? गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला लावलं, ‘सत्यसुधारक’. वर स्वतः तिथं जाऊन चहा प्यायचे, बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. राजानं वजन वापरलंच की! पण ज्याच्या हातचं कुणी घेत नव्हतं, त्याच्या बाजूनं. सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव चालणार नाही, असे हुकूम १९१९ साली निघाले, ते आहेतच. पण नुसत्या हुकमानं कपाला ओठ लागत नाहीत.

आता तक्रार. ह्या दुकानाला मागं एक ‘फॅमिली रूम’ आहे आणि तिला बोळातून दार आहे. त्या दारातून नंबराशिवाय माणसं आत जाताना मी दोनदा बघितली. पाटी पुढच्या दाराला, मागच्याला नाही. पुढाऱ्याला बाहेर बसवल्याचं कौतुक अख्ख्या पेठेत झालं, बोळाचं कोण बोलत नाही.

मालकाला विचारणार होतोच. परवा गेलो, नंबर अडतीस, बाहेर बाविसावा चाललेला. मालकानं मला ओळखलं. “मामा, तुम्ही आमच्या गारगोटीच्या गाडीला होता न्हवं? या, मागनं या.” गुडघा दुखत होता. गेलो. मिसळ गरम आली, कट दोनदा घेतला. बाहेर पडलो तेव्हा कट्ट्यावर तेविसाव्या नंबरची बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, हातातल्या चिठ्ठीकडं बघत.

अर्धा तारा तिथं कापलाय. मालकाचा का माझा, ते अजून ठरत नाही.